प्याल्याची गाणी लिहिणारा संसारी

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही. वडील तालुक्याच्या गावी हायस्कुलात इंग्रजी शिकवीत. चहासुद्धा दिवसाकाठी दोनदाच, आणि तोही अर्धा कप. अशा या माणसाच्या कपाटात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेशेजारी एक जाडजूड, पाठ निखळलेले इंग्रजी पुस्तक असे. थॉमस मूर या कवीची समग्र कविता. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मी ते चोरून उघडले, आणि पहिल्या भागाच्या पानापानावर भरलेले प्याले, द्राक्षांचे घोस, गुलाबाच्या माळा आणि हसणाऱ्या तरुणी पाहून चाटच पडलो. ‘एकच प्याला’तला सुधाकर एवढाच काय तो मद्यपी तोवर माझ्या ओळखीचा होता. हा मूर त्याचाच कुणीतरी विलायती भाऊबंद असणार, आयुष्यभर झिंगून शेवटी गटारात मेला असणार, अशी माझी पक्की समजूत झाली.

ती समजूत बरीच वर्षे टिकली. मग एकदा मुंबईत फोर्टमधल्या फुटपाथवर मूरचे एक जुने चरित्र हाती लागले. ते दोन रात्रींत वाचून काढले आणि लक्षात आले, की आपण एका सज्जन गृहस्थावर फार मोठा अन्याय केला आहे. आठवड्यातून दोनदा आईला पत्र लिहिणारा, बायकोला जपणारा, कर्ज फेडण्यासाठी मरमर लिहिणारा आणि पाचही मुलांना आपल्या आधी पोचवणारा बाप होता तो. मग ही मद्याची आणि मदनाची गाणी त्याच्या वाट्याला आली कुठून?

त्यासाठी थोडे मागे, म्हणजे चांगले अडीच हजार वर्षे मागे जावे लागते. अनॅक्रिऑन हा ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला ग्रीक कवी. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या टिऑस या गावचा. सामोस बेटाचा हुकूमशहा पॉलिक्रॅटीस याच्या दरबारी तो राहिला, नंतर अथेन्सला गेला. प्रेम, मद्य आणि मैफल हे त्याचे विषय. म्हातारपणी द्राक्षाची बी घशात अडकून तो मेला अशी एक दंतकथा आहे. ती खरी नसावी, पण रचणाऱ्याला दाद द्यावी अशी आहे! त्याच्या मूळ कवितेचे आता तुकडेच उरले आहेत. मात्र त्याच्या मागून कित्येक शतके कुणाकुणा अनामिकांनी त्याच्या थाटात, त्याचेच सोंग घेऊन, आखूड ओळींच्या नखरेल कविता रचल्या. आपल्याकडे नामदेवांच्या नाममुद्रेखाली नंतरच्या ‘नाम्यां’चे अभंग मिसळले, तसाच काहीसा प्रकार. अशा साठेक कविता दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितात टिकून राहिल्या. १५५४ साली पॅरिसच्या आंरी एतिएन या विद्वान मुद्रकाने त्या छापल्या, आणि सगळ्या युरोपला वाटले, खुद्द अनॅक्रिऑनच सापडला!

मग काय विचारता! फ्रान्समध्ये रोंसारने तो सूर लगेच उचलला. इंग्लंडमध्ये हेरिक आणि काउली, पुढे जर्मनीत ग्लाइम, अशी सगळीकडे साथच पसरली. पिकल्या केसांचा रंगेल म्हातारा, हातात प्याला, गळ्यात गुलाब. मरण येणारच आहे, तेव्हा ओत बाबा आणखी, हा एकच पाढा. पावसाळी रात्री दारात एक भिजलेले पोर उभे राहते, म्हातारा दया येऊन त्याला शेकोटीशी घेतो, आणि ऊब मिळताच ते पोर धनुष्य काढून आश्रयदात्याच्याच काळजात बाण मारते, कारण ते पोर म्हणजे मदन! अशा या लडिवाळ गोष्टी. उमर खय्यामचा प्याला माधव जूलियनांनी आपल्याकडे आणला, त्यामुळे ही चव आपल्याला अगदीच परकी नाही. पण खय्यामच्या प्याल्यात तळाशी जो कडवट गाळ आहे, तो यात नाही. लंडनमध्ये तर अनॅक्रिऑनच्या नावाने हौशी गायकांचा एक क्लबच होता. जेवण, पेयपान आणि गाणे, असा त्यांचा कार्यक्रम. त्या क्लबाच्या गाण्याची चाल पुढे अमेरिकेत गेली, तिच्यावर दुसरे शब्द बसले, आणि १९३१ साली ते अमेरिकेचे राष्ट्रगीत ठरले. ऑलिंपिकच्या मैदानात छातीवर हात ठेवून अमेरिकन खेळाडू जी चाल ऐकतात, ती मुळात एका पिणाऱ्या मंडळींच्या क्लबाची आहे.

तर या परंपरेच्या अगदी शेवटच्या टोकाला आपला मूर उभा आहे. जन्म २८ मे १७७९, डब्लिन. आँजिअर स्ट्रीटवर बापाचे किराणा मालाचे आणि दारूचे दुकान होते, त्याच्या माडीवर. म्हणजे द्राक्षरसाशी नाते जन्मापासूनचेच म्हणायचे, पण विकणाऱ्याचे! घर कॅथलिक. आयर्लंडमध्ये बहुसंख्य प्रजा कॅथलिक आणि राज्य प्रॉटेस्टंट इंग्रजांचे, त्यामुळे कॅथलिकांना शिक्षण, नोकऱ्या, पार्लमेंट सगळीकडे आडकाठी. १७९३ च्या कायद्याने डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजची पदवी त्यांना खुली झाली, पण शिष्यवृत्ती नाही आणि फेलोशिप तर नाहीच. आई अनास्तेशिया मोठी जिद्दीची बाई. मुलगा बॅरिस्टर झालाच पाहिजे, हा तिचा ध्यास. दुकानदाराच्या बायकोने मुलाला संगीत, फ्रेंच, इटालियन, लॅटिन, ग्रीक सगळे शिकवले. उंचीने मूर जेमतेम पाच फूट. पण पियानोशी बसून गाऊ लागला की मोठमोठी माणसे गप्प होत.

कॉलेजात त्याचा एक मित्र होता, रॉबर्ट एमेट. मूर पियानोवर जुनी आयरिश चाल वाजवीत बसलेला, शेजारी एमेट ऐकतो आहे, आणि एकाएकी उठून म्हणतो की या चालीवर कूच करणारे वीस हजार लोक माझ्यामागे असते तर! ही आठवण मूरने पुढे लिहून ठेवली. १७९८ च्या बंडाच्या आधी सरकारने कॉलेजात चौकशी बसवली. लॉर्ड क्लेअर स्वतः विद्यार्थ्यांना एकेक करून उभे करून विचारत होता, तुमच्यातले कोण कोण सामील आहेत? मूरने सांगितले की दुसऱ्याला गोत्यात आणणाऱ्या प्रश्नांची उत्तरे मी देणार नाही. त्याला सोडून दिले. एमेट मात्र त्या वाटेने पुढे गेला, आणि सप्टेंबर १८०३ मध्ये डब्लिनच्या भर रस्त्यात फासावर चढला. वय पंचवीस. मूर तेव्हा लंडनहून बर्म्युडाला निघण्याच्या तयारीत होता.

मित्र बंडाच्या मसलती करीत होते त्या वर्षांत मूर काय करीत होता? अनॅक्रिऑनचे इंग्रजी भाषांतर! डब्लिनच्या मार्श ग्रंथालयात बसून जाडजाड टिपा काढत होता. कॉलेजच्या प्रमुखाला त्याने काही भाग दाखवला, एखादे बक्षीस मिळेल या आशेने. त्याला कविता आवडल्या, पण प्रेम आणि मद्य यांच्या कवितांना कॉलेज बक्षीस कसे देणार, असा पेच पडला. यावर मूरला पळपुटा म्हणावे का? मला तसे म्हणवत नाही. वीस वर्षांच्या सगळ्यांनीच फासावर जावे, अशी अपेक्षा मागाहून आरामखुर्चीत बसून करणे फार सोपे असते. पण त्याच्या मनात ही बोच शेवटपर्यंत राहिली असावी. पुढे त्याने जे जे गंभीरपणे लिहिले, त्यात कुठे ना कुठे एमेट येऊन उभा राहतो.

१७९९ साली मूर कायदा शिकायला लंडनला गेला. आईने त्याच्या कपड्यांत गिन्या शिवून दिल्या होत्या, आणि पाद्र्याने मंत्रून दिलेला कापडाचा ताईतही. आपल्याकडची आई आणि तिकडची आई यांच्यात काही फरक असतो असे मला वाटत नाही. कायदा बाजूलाच राहिला. १८०० साली अनॅक्रिऑनचे भाषांतर पुस्तकरूपाने निघाले आणि अर्पण कुणाला? खुद्द प्रिन्स ऑफ वेल्सला, त्याच्या परवानगीने! दुकानदाराचा मुलगा एका रात्रीत ‘अनॅक्रिऑन मूर’ झाला. लॉर्ड लोकांच्या दिवाणखान्यांतून बोलावणी येऊ लागली. दुसऱ्याच वर्षी त्याने ‘थॉमस लिटल’ या टोपणनावाने आणखी चावट प्रेमकविता छापल्या. ‘लिटल’ म्हणजे छोटा, हा स्वतःच्या उंचीवरच विनोद. शाळकरी बायरनने हे पुस्तक मनापासून वाचले होते. पण ज्या कवितांवर मूर चढला त्या अनॅक्रिऑनच्या नव्हतेच हो! शंका काहींना आधीपासून होत्या, आणि एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी निकालच लावला की या सगळ्या मागाहूनच्या नकला आहेत. म्हणजे खोट्या अनॅक्रिऑनचा भाषांतरकार हा खरा मूर.

कवितेने नाव झाले, पोट भरेना. लॉर्ड मॉयरा नावाचा सरदार त्याचा पाठीराखा होता. त्याच्या वशिल्याने बर्म्युडा बेटावर आरमारी न्यायालयात रजिस्ट्रारची जागा मिळाली. १८०४ च्या आरंभी मूर तिथे पोचला, तीन-चार महिन्यांत कंटाळला, आणि हाताखाली एक माणूस नेमून अमेरिका-कॅनडा पाहत परत आला. हा माणूस नीट लक्षात ठेवा. चौदा वर्षांनी तो मूरचे घर बुडवणार आहे.

मधल्या काळात एक प्रहसन झाले. १८०६ साली मूरच्या नव्या संग्रहावर ‘एडिनबरो रिव्ह्यू’च्या फ्रान्सिस जेफ्रीने सडकून टीका केली. हा कवी वाचकांची मने बिघडवतो, असा आरोप. मूरने सरळ द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. लंडनबाहेर चॉक फार्मला दोघे पहाटे पिस्तुले घेऊन उभे राहिले. नेम धरणार एवढ्यात पोलीस आले आणि दोघांनाही पकडून घेऊन गेले. तपासात निघाले की एका पिस्तुलात गोळीच नव्हती! वर्तमानपत्रांना आयते खाद्य मिळाले. तरुण बायरननेही आपल्या एका उपहासकाव्यात यावर टपली मारली, तेव्हा मूरने त्यालाही आव्हानाचे पत्र लिहिले. गंमत पाहा, पुढे जेफ्री मूरचा जन्माचा स्नेही झाला. आणि बायरन? १८११ साली कवी रॉजर्सच्या घरी जेवायला मूर आणि बायरन प्रथम भेटले. बायरनने फक्त बटाटे आणि व्हिनेगर खाल्ले, आणि त्या जेवणापासून दोघे जिवलग झाले. ज्यांच्याशी भांडायला निघाला, त्यांच्याच गळ्यात हात घालून परतला, असा हा माणूस.

त्याच वर्षी, मार्चमध्ये, मूरने लग्न केले. मुलगी बेसी डाइक, विशीही न गाठलेली नटी, प्रॉटेस्टंट, पैशाने कफल्लक. किलकेनीच्या हौशी रंगभूमीवर दोघांची ओळख झाली होती. मूरने हे लग्न काही काळ आईवडिलांपासूनही लपवले. मद्य-मदनाच्या कवीने नटीशी लग्न केले म्हटल्यावर लोकांनी काय भाकिते केली असतील ती आपण ओळखू शकतो. ती सगळी खोटी ठरली. हा संसार चाळीस वर्षे टिकला. बेसीला मोठ्या लोकांच्या मैफलींची हौस नव्हती. मूर लंडनला जाऊन लॉर्डांच्या घरी गात असे, आणि ती खेड्यातल्या घरात मुलांचे आणि गावातल्या गोरगरिबांचे पाहत असे. यात तिच्यावर थोडा अन्यायच झाला असे माझे मत आहे. चरित्रकार तिच्या सोशिकपणाची तारीफ करतात, पण सोशिक बायकांची तारीफ करण्यात पुरुषांना नेहमीच सोय वाटत आली आहे.

घर चालत होते ते गाण्यांवर. १८०८ पासून मूर जुन्या आयरिश चालींवर शब्द बसवू लागला. या चाली वीणावादकांकडून गोळा केल्या होत्या एडवर्ड बंटिंग वगैरे मंडळींनी. संगीताची मांडणी सर जॉन स्टीव्हन्सनची. पॉवर बंधू या प्रकाशकांकडून वर्षाला ५०० पौंड मिळत. १८३४ पर्यंत या ‘आयरिश मेलडीज’चे दहा भाग निघाले. यात प्याले आहेत, गुलाब आहेत, डोळे आहेत, सगळा अनॅक्रिऑनचा संसार आहे. पण प्याल्याच्या तळाशी आता हरलेला देश दिसू लागतो. एका गाण्यात एमेटचे नाव न घेता एमेटचे मरण आहे. दुसऱ्यात त्याच्या वाग्दत्त वधूचे दुःख आहे. आणि ही गाणी ऐकून डोळे पुसत होते कोण? त्याच इंग्रज सरदारांच्या बायका-मुली! मूरच्या देशबांधवांपैकी काहींना याचा रागही आला. वीणा दिवाणखान्यात नेऊन ठेवली म्हणाले. त्यात तथ्य आहे. पण त्या दिवाणखान्यात तोवर आयर्लंडचे नाव निघत नव्हते, हेही खरे आहे.

ग्रीष्मातल्या अखेरच्या गुलाबाचे त्याचे गाणे सगळ्या युरोपभर गेले. फ्लोटोच्या ‘मार्था’ या ऑपेरातही ते आहे. कलकत्त्यात लहानग्या रवींद्रनाथांनी ‘आयरिश मेलडीज’ नुसत्या वाचून ऐकल्या होत्या, आणि मनातल्या मनात त्यांच्या चाली कल्पिल्या होत्या. विलायतेत जाऊन त्यांनी त्या ऐकल्या, आणि ‘वाल्मीकिप्रतिभा’ या गीतिनाट्यात आयरिश चाली वापरल्या. माझे वडीलही रात्री दिवा मालवल्यावर एक चाल गुणगुणत. मूरच्या गाण्याची ती चाल आहे, हे मला फार उशिरा कळले.

आता या गोष्टीत आपण, म्हणजे मराठी माणसे, एका वळणावर येतो. मूरचा तो पाठीराखा लॉर्ड मॉयरा १८१३ साली गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानात आला. मूरला आशा होती की आपली काहीतरी सोय लागेल. मॉयराने सांगितले की हिंदुस्थानात तुझ्यासाठी काही नाही, पण तिकडच्या एखाद्या जागेच्या बदल्यात इथे काही मिळते का पाहतो. मूरने नम्रपणे नको म्हटले आणि लिहायला बसला. हाच मॉयरा पुढे मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज झाला. खडकीची लढाई, पेशवाईचा शेवट, हे सारे त्याच्याच कारकिर्दीत. शनिवारवाडा ज्याच्या अमलात पडला, त्याच गृहस्थाच्या ग्रंथालयात बसून मूरने वाचन केले होते.

आणि मूर लिहीत काय होता? ‘लल्ला रूख’. औरंगजेबाची एक काल्पनिक कन्या लग्नासाठी दिल्लीहून काश्मीरला निघते. वाटेत एक तरुण कवी तिला चार कथा गाऊन दाखवतो, ती त्याच्या प्रेमात पडते, आणि शेवटी तोच तिचा नियोजित वर निघतो. औरंगजेब म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आग्र्याचा दरबार आणि संभाजीराजांचे हाल येतात. मूरच्या काव्यात तो वधूपिता आहे! या काव्यासाठी लाँगमन प्रकाशकाने एक ओळही न वाचता ३००० गिन्यांचा करार केला होता. हिंदुस्थान न पाहिलेल्या मूरने खेड्यातल्या एका कॉटेजमध्ये, बाहेर बर्फ पडत असता, प्रवासवर्णने वाचून काश्मीरचे गुलाब फुलवले. दक्षिणेत वर्षे काढलेल्या इतिहासकार विल्क्सला वाटले की हा कवी पूर्वेला राहून आलेला असणार. त्याने सर जेम्स मॅकिन्टॉशला विचारले. मॅकिन्टॉश म्हणजे मुंबईचा एकेकाळचा न्यायाधीश, ज्याने १८०४ साली इथे स्थापन केलेल्या संस्थेतून आपली एशियाटिक सोसायटी उभी राहिली. कधीच नाही, असे उत्तर मिळाल्यावर विल्क्स चकितच झाला.

यातल्या तिसऱ्या कथेत अग्निपूजक इराणी अरब विजेत्यांशी अखेरपर्यंत झुंजतात, फितुरीने हरतात आणि त्यांचा तरुण नायक मरतो. आपल्या पारशी बांधवांच्या पूर्वजांची ही गोष्ट. पण वाचणाऱ्याने ओळखावे की हे इराणी म्हणजे आयरिश, आणि तो नायक म्हणजे एमेट. मे १८१७ मध्ये पुस्तक निघाले आणि धडाधड खपले. मूर आता वैभवाच्या शिखरावर होता. त्याच सप्टेंबरात त्याची थोरली मुलगी बार्बरा पाच वर्षांची होऊन गेली. धाकटी ऑलिव्हिया तर दोन वर्षांपूर्वी तान्हेपणीच गेली होती. दुःखी जोडपे विल्टशायरमधल्या स्लोपर्टन कॉटेजमध्ये राहायला गेले. वर्षाला ४० पौंड भाडे. ते घर त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

संकटे एकामागून एक येतात म्हणतात ते असे. १८१८ साली बातमी आली की बर्म्युडातला तो हाताखालचा माणूस ६००० पौंड घेऊन फरारी झाला. कायद्याने जबाबदार मूर. मित्रांनी पैसे देऊ केले, त्याने नाकारले. तुरुंग टाळण्यासाठी १८१९ मध्ये देश सोडला. लॉर्ड जॉन रसेल, म्हणजे पुढचा पंतप्रधान, बरोबर होता. व्हेनिसजवळ बायरनची भेट झाली आणि बायरनने चामड्याच्या पिशवीत घालून स्वतःच्या आठवणींचे हस्तलिखित मूरच्या हाती दिले. माझ्या हयातीत छापू नकोस, पण तुला पैशाची अडचण आहे, तर याचे काय ते कर. मूरने ते जॉन मरे या प्रकाशकाला २००० गिन्यांना विकले. तडजोडीत कर्ज बरेच कमी झाले, आणि १८२२ मध्ये तो घरी परतला.

१९ एप्रिल १८२४ रोजी बायरन ग्रीसमध्ये वारला. १७ मे रोजी लंडनच्या आल्बमार्ल स्ट्रीटवर मरेच्या दिवाणखान्यात काही मंडळी जमली. बायरनचा मित्र हॉबहाउस, बायरनच्या बायकोच्या आणि बहिणीच्या बाजूने आलेले दोघे गृहस्थ, मरे, मूर. सगळ्यांचे मत, या आठवणी जाळाव्यात. हॉबहाउसने त्या वाचल्याही नव्हत्या! मूर विरोध करीत राहिला. निदान काही भाग ठेवा, निदान सील करून कुणाकडे तरी द्या. शेवटी त्याचे कुणी ऐकले नाही. पाने फाडून शेगडीत टाकली गेली. नक्कल केलेली प्रतही जाळली.

मूर हात धरून का थांबला नाही, हा प्रश्न दोनशे वर्षे विचारला जातो आहे. तो मूळ विक्रेता होता, आणि मरेचे पैसे परत करण्याची त्याची तयारी होती. शब्द त्याचा चालायला हवा होता. पण बडी माणसे एकमुखाने प्रतिष्ठेची भाषा बोलू लागली की दुकानदाराच्या मुलाचा आवाज खाली येतो, असे मला वाटते. आमच्या एका काकांच्या कवितांच्या वह्या त्यांच्या तेराव्यानंतर घरातल्या वडीलधाऱ्यांनी बंबात घातल्या. नाटकातल्या एका बाईचे नाव त्यांत होते म्हणे. मी तेव्हा चांगला वीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा, बंबाशेजारीच उभा होतो. आंघोळीचे पाणी त्या दिवशी छान तापले. तेव्हापासून मूरला नावे ठेवण्याचा माझा हक्क गेला.

मूरने मात्र पुढे जे केले ते फार थोड्यांनी केले असते. २००० गिन्या कर्ज काढून त्याने मरेला परत दिल्या, आणि बायरनच्या नातेवाइकांनी त्या भरून देऊ केल्या तर साफ नाकारल्या. मग सहा वर्षे पत्रे, रोजनिशा, लोकांच्या आठवणी गोळा करून १८३० साली दोन खंडांत बायरनचे चरित्र काढले. जळालेले परत आणता येत नव्हते, म्हणून उरलेले सगळे गोळा केले म्हणा. हे लिहीत असतानाच, मार्च १८२९ मध्ये, अनास्तेशिया, आजीचे नाव ठेवलेली मुलगी, सोळाव्या वर्षी गेली.

उरले दोन मुलगे. मधल्या वर्षांत मूरने भरपूर लिहिले. शेरिडनचे चरित्र, बंडवाल्या लॉर्ड एडवर्ड फिट्झजेराल्डचे चरित्र, आयर्लंडचा इतिहास, आणि ज्या प्रिन्सला पहिले पुस्तक अर्पण केले होते त्याच्यावर कितीतरी झोंबरी उपहासकाव्ये. कॅथलिकांना हक्क देण्याचा शब्द प्रिन्सने पाळला नाही, त्याचा हा राग. १८३५ साली सरकारने वर्षाला ३०० पौंडांचे पेन्शन दिले. पण पैसा पुरत नव्हता, कारण थोरला टॉम उधळ्या निघाला. बापाने प्याल्याची नुसती गाणी लिहिली, लेकाने ती फार मनावर घेतली असे म्हणावे लागेल. धाकटा रसेल शहाणा आणि गोड. त्याला कंपनी सरकारच्या फौजेत जागा मिळाली आणि तो हिंदुस्थानात आला. ज्या देशाचे बापाने पुस्तकांतून चित्र रंगवले, तो देश मुलाने प्रत्यक्ष पाहिला. त्याला हवा सोसली नाही. क्षय घेऊन तो परतला, आणि नोव्हेंबर १८४२ मध्ये स्लोपर्टनच्या घरी गेला. वय एकोणीस.

टॉम सैन्यातली जागा विकून फ्रेंचांच्या परदेशी पलटणीत शिरला, आणि १८४६ साली अल्जिरियात मेला. आईबापांना कळले ते परक्या देशातून आलेल्या पत्राने. त्याच वर्षी बहीण एलेनही गेली. मूरने रोजनिशीत नोंद केली की आता आपले रक्ताचे असे जगात कुणी उरले नाही.

१८४९ पासून त्याची स्मृती जाऊ लागली. आठवणींवर सर्वांत गाजलेले गाणे लिहिणारा हा कवी माणसे विसरला, तारखा विसरला. बेसीने त्याला कुणाला भेटू दिले नाही, स्वतःच सगळे केले. चाली मात्र त्याला आठवत, असे सांगतात. फेब्रुवारी १८५२ मध्ये तो वारला. ब्रॉमहॅम गावच्या चर्चच्या आवारात, अनास्तेशिया आणि रसेल यांच्या शेजारी, त्याला पुरले. डब्लिनमध्ये ट्रिनिटी कॉलेजसमोर त्याचा पुतळा उभा राहिला, आणि त्या पुतळ्याशी लोकांनी पुढे सार्वजनिक मुतारी बांधली. जॉइसच्या ‘युलिसिस’मध्ये यावर एक वात्रट विनोद आहे. मूर ते वाचून हसला असता, आणि कदाचित जॉइसला द्वंद्वयुद्धाचे आव्हान देऊन नंतर त्याच्याशी मैत्री केली असती.

मूरच्या रोजनिश्या लॉर्ड जॉन रसेलने आठ खंडांत छापल्या. प्रकाशकाने दिलेल्या ३००० पौंडांतून बेसीच्या निर्वाहाची सोय झाली. या रोजनिश्या कुणी जाळल्या नाहीत. बेसीने नवऱ्याची सगळी पुस्तके डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीला देऊन टाकली, आणि स्लोपर्टनच्या त्या घरात ती आणखी तेरा वर्षे एकटी राहिली. १८६५ साली ती गेली, तेव्हा त्याच आवारात, मुलांच्या आणि मूरच्या शेजारी, तिला जागा मिळाली.